विश्वास बसत नसेल तर डिप्रेशनची गोळी लागू पडते का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मोठ्या भावाला डिप्रेशन निघालंय, परभणीच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम १० ही डिप्रेशनची गोळी अन् रात्री झोपेला क्लोनाझेपाम चालू केलंय, तीन आठवडे झाले, दादा म्हणतात "मला काही फरक नाही अन् माझा ह्या गोळ्यांवर विश्वासच नाही". तुम्ही नेटवर वाचलंत की ह्या गोळ्यांत अन् साखरेच्या गोळीत फारसा फरक नाही, सगळा विश्वासाचा खेळ आहे. आणि वडील म्हणतात, विश्वासाचाच खेळ असेल तर तुळजापूरला नेऊ की, गोळ्या कशाला. मी लातूरला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, तालुक्याच्या गावाला पण बसतो, आणि हेच भांडण माझ्या टेबलासमोर रोज होतं, फक्त तुमच्याइतकं सरळ कोणी विचारत नाही, गुपचूप गोळ्या बंद करतात अन् दोन महिन्यांनी येतात.

आधी एक सांगून ठेवतो, दादांना मी तपासलेलं नाही. आजार किती खोल आहे, दारू आहे का, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का, आधी कधी उलटा प्रकार झालाय का म्हणजे काही दिवस झोपच नको, बडबड, उधळपट्टी, मीच राजा असं, ह्यावर बरंच अवलंबून आहे. असा उलटा प्रकार कधी झाला असेल तर तो बायपोलरचा विषय होतो, नुसती डिप्रेशनची गोळी तिथं उलटू शकते, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, बरेचदा घरच्यांना ते आजाराचं लक्षण वाटतच नाही म्हणून सांगायचं राहून जातं. बाकी मी लिहितो ते सर्वसाधारण.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय गोळीत दम आहे की विश्वासात. पण तुमच्या घरात अडलंय ते दुसरीकडंच, की ज्याचा विश्वास नाही त्याला गोळी देऊन उपयोग आहे का. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत, अन् दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

तुम्ही जे वाचलं ते अगदी हवेतलं नाही. आयर्विंग कर्श नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००८ साली अमेरिकेच्या एफडीएकडं, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडं, कंपन्यांनी जमा केलेला चार औषधांचा डेटा, छापलेला अन् न छापलेला दोन्ही, एकत्र मांडला. डिप्रेशन मोजायला हॅमिल्टन स्केल म्हणून एक मोजपट्टी असते, ५२ गुणांपर्यंत जाणारी, त्यावर खरी गोळी अन् खोटी (औषध नसलेली, साखरेच्या गोळीसारखी) गोळी ह्यांच्यातला सरासरी फरक दोन गुणांच्याही आत निघाला, आणि ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं तेव्हा अर्थपूर्ण फरक म्हणून तीन गुण धरले होते. आजार फार तीव्र असला तर फरक वाढत होता. त्याच वर्षी टर्नर अन् सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एफडीएकडं नोंदवलेल्या ७४ अभ्यासांपैकी ३८ गोळीच्या बाजूनं होते अन् त्यातला एक सोडून सगळे छापून आले, उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच नाहीत आणि ११ असे फिरवून छापले की वाचणाऱ्याला वाटावं गोळीच जिंकली. ह्याचा मला आजही राग येतो, कारण आम्ही डॉक्टर लोक तेच छापलेलं वाचून पेशंटला शब्द देत होतो.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. २०१८ साली ऑक्सफर्डच्या सिप्रियानी यांच्या टीमनं ५२२ अभ्यास, १,१६,४७७ लोक अन् २१ औषधं एकत्र घेतली, न छापलेला डेटा पण शोधून घातला, आणि २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फार मोठ्या फरकानं नाही, पण निघाली. ढोबळमानानं सांगायचं तर १०० जणांना खरी गोळी दिली तर ५० च्या आसपास लोकांचा त्रास निम्म्यावर येतो, खोटी दिली तर ३५ ते ४० जणांचा. २०२२ मध्ये एफडीएच्याच डेटावर आणखी एक मोठा अभ्यास आला, त्यात असं दिसलं की हा फायदा सगळ्यांना थोडा थोडा वाटला जात नाही, साधारण १५ टक्के लोकांना खोट्या गोळीनं मिळाला नसता असा मोठा फायदा होतो अन् बाकीच्यांना खऱ्याखोट्यात विशेष फरक पडत नाही. दादा त्या १५ मध्ये आहेत का हे आधी कळायची आज तरी कुठली टेस्ट नाही. गोळी नीट डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनच कळतं.

आता ते ३५-४० जण साखरेच्या गोळीनं कसे काय बरे झाले? इथं लोकांची गल्लत होते. अभ्यासातली खोटी गोळी म्हणजे "काहीच उपचार नाही" असं नसतं. त्या माणसाची तास-दीड तास बसून सगळी हकीकत ऐकलेली असते, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावून कोणीतरी झोप कशी आहे, भूक कशी आहे, जीव नकोसा वाटतो का, हे नीट विचारत असतं, नाही आला तर फोन करतात. शिवाय माणूस अशा अभ्यासात येतो तो अगदी वाईट दिवसांत येतो, आणि डिप्रेशन बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप पण ओसरतं, तर त्यातली काही सुधारणा नुसत्या काळाची असते. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं तो विश्वासाचा वाटा. आता आपल्याकडची ओपीडी बघा, दीडशे पेशंट बाहेर, तीन मिनिटांत चिठ्ठी, पंधरा दिवसांनी या. म्हणजे अभ्यासात साखरेच्या गोळीवाल्याला जेवढं मिळतं तेवढं आपल्या खऱ्या गोळीवाल्याला मिळत नाही. म्हणून मला "साखरेएवढंच काम करते" हे वाक्य ऐकलं की वाटतं, अरे बाबा, ती साखर ज्या काळजीत घोळून दिली होती ती तरी आधी दादांना मिळू द्या.

विश्वासाचा वाटा मात्र खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. स्वीडनमध्ये सोशल अँग्झायटीच्या (चार लोकांत जायची, बोलायची फार भीती वाटणं) पेशंटवर २०१७ साली एक अभ्यास झाला, दोन्ही गटांना तीच एस्सिटालोप्रॅम, तोच डोस, नऊ आठवडे. एका गटाला खरं सांगितलं की हे चांगलं औषध आहे, दुसऱ्याला सांगितलं की ह्या गोळीनं फक्त साइड इफेक्ट जाणवतील, आजारावर उपयोग व्हायची अपेक्षा नाही. पहिल्या गटात निम्म्या लोकांना चांगला फरक पडला, दुसऱ्यात १४ टक्क्यांना. गोळी एकच! आता तो डिप्रेशनचा अभ्यास नव्हता, माणसंही थोडी होती, पण डॉक्टर काय बोलून गोळी देतो ह्यानं केवढा फरक पडतो हे त्यातून दिसतं. आणि हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला पाहिजे असं नाही, आपल्याकडं सलाईन लावल्याशिवाय कितीतरी लोकांना बरं वाटत नाही, अमक्या डॉक्टरचा हातगुण चांगला म्हणून पंचवीस किलोमीटर लांब जातात, त्या बाटलीत मीठपाणी असतं तरी दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो.

पण विश्वासाची मजल कुठपर्यंत हे पण बघा. सगळ्यात मोठी गोष्ट ईसीटी, लोक ज्याला शॉक म्हणतात. त्याच्यावर कोणाचाही विश्वास नसतो, नातेवाईक रडत रडत सही करतात, पेशंटला तर भीतीच असते. तरी अन्नपाणी सोडलेल्या, गप्प झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या डिप्रेशनमध्ये त्याच्याएवढा जलद उपाय आमच्याकडं दुसरा नाही, आणि खोट्या शॉकशी तुलना करूनही तो सरस ठरलेला आहे. (आता तो भूल देऊनच देतात, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भुलीशिवाय द्यायला बंदी आहे.) दुसरी गोष्ट आजार परत येण्याची. २००३ मध्ये ३१ अभ्यास एकत्र केले गेले, बरं वाटल्यावर ज्यांना गुपचूप खोट्या गोळीवर टाकलं त्यांच्यापैकी ४१ टक्के लोकांचा आजार परत आला, खरी चालू ठेवलेल्यांत १८ टक्के. टीका करणारे म्हणतात की गोळी अचानक तोडल्याचा त्रास पण त्या आकड्यात मिसळला असेल, आणि ते थोडं खरं आहे, पण सगळा फरक त्यानं भरून निघत नाही.

तर आता दादांचं "माझा विश्वासच नाही". हे वाक्य तुम्ही त्यांचं मत म्हणून घेताय. मी ते आजाराचं लक्षण म्हणून ऐकतो. डिप्रेशनमध्ये पहिली जाते ती हीच गोष्ट, पुढं काही चांगलं होईल ही आशा. ज्याचा स्वतःवर, उद्यावर, पिकावर, देवावर विश्वास उरला नाही त्याचा पाच रुपयाच्या गोळीवर कुठून बसणार? आणि घरचे मात्र त्याच्या मागं लागतात, "तू मनातून घेत नाहीस म्हणून लागू पडंना", "पॉझिटिव्ह राहा", "इच्छाशक्ती पाहिजे". आधी ताप उतरव मग गोळी देतो, असं तापलेल्या माणसाला म्हणण्यातला हा प्रकार झाला. वरून त्याला अजून एक गुन्हा चिकटतो की बरं न होण्यात पण माझीच चूक. कृपा करून हे घरात बंद करा. विश्वास त्यांच्याकडं मागू नका, त्यांनी फक्त गोळी गिळावी एवढंच मागा. विश्वास काही दिवस वहिनींनी, तुम्ही, डॉक्टरांनी सांभाळायचा.

माझ्याकडं औसा भागातला एक शेतकरी यायचा, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतो. दोन वर्षं सोयाबीन गेलं, त्यात बहिणीच्या लग्नाचं कर्ज. खुर्चीत बसला की नजर फरशीवर. "साहेब, मला ह्येच्यानं कायबी व्हनार न्हाई, ही देती म्हनून खातो." मी म्हणालो चालेल, तसंच खा. बायको चहापत्तीच्या डब्याच्या झाकणात रोजची गोळी काढून ठेवायची, रात्रीची भाकरी झाली की हातावर द्यायची, तोंड उघडून बघायची नाही, प्रश्न विचारायची नाही. पाचव्या आठवड्याला दोघं आले. तो म्हणाला, फरक न्हाई. ती म्हणाली, "आवं परवा सकाळी ह्येंनी सोता उठून म्हशीची धार काढली की, कोनी सांगितलं नव्हतं." तो तिच्याकडं बघायला लागला, त्याला स्वतःला ते लक्षातच आलं नव्हतं. असं फार वेळा होतं. फरक आधी घरच्यांना दिसतो, पेशंटला सगळ्यात शेवटी जाणवतो.

म्हणून दादांना "बरं वाटतंय का" असं विचारूच नका. वहिनींना विचारा. पहाटे तीनला जाग येत होती ती आता पाचला येते का, ताटात किती टाकतात, अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, पोरानं काही विचारलं तर उत्तर देतात का, चिडचिड कमी झाली का. असलं काही किंचित हललं असेल तर गोळी काम करायला लागली असं समजा. चार ते सहा आठवडे झाले अन् ह्यातलं काहीच नाही, तर मात्र गप्प बसू नका, डोस वाढवणं, औषध बदलणं हे डॉक्टरांनी करायला पाहिजे. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणजे गोळ्याच खोट्या असा अर्थ होत नाही, पहिल्या औषधावर पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांशच असतात.

झोपेच्या गोळीबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडं इथंच सगळं बिघडतं. क्लोनाझेपाम पहिल्या रात्रीपासून झोप आणतं, छातीतली धडधड थांबवतं. एस्सिटालोप्रॅम पहिला आठवडा उलट मळमळ, जुलाब, बेचैनी देतं अन् फायदा नंतर. मग पेशंट साहजिकच ठरवतो की ही छोटी गोळी खरी अन् ती मोठी फुकटची. पंधरा दिवसांनी मेडिकलवर जाऊन फक्त छोटी मागतो, मेडिकलवाला पण ओळखीचा असतो, देतो. वर्षानं माझ्याकडं येतो तेव्हा डिप्रेशन तसंच अन् क्लोनाझेपामची सवय लागलेली, सोडली की झोप नाही. आणि सगळ्या गावात बोभाटा की डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते. तर घरी पत्ते बघा, दोन्हीतल्या गोळ्या मोजा. काही कंपन्यांच्या गोळीत ही दोन्ही औषधं एकत्र असतात, तसं असेल तर डॉक्टरांना विचारा की झोपेचा भाग कधी कमी करायचा.

असाच खंड ऊसतोडीच्या लोकांचा पडतो. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या कारखान्यावर गेल्या की गोळ्या संपतात, चिठ्ठी गावाकडं राहते, अन् माणूस फडातच परत खचतो. तुमच्या घरात तसं नसेल, पण पेरणी-काढणीच्या गडबडीत महिन्याच्या गोळ्या आधी आणून ठेवा. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात, अन् बंद करताना हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच, एकदम तोडलं की चक्कर, मुंग्या, चिडचिड होते.

विश्वासाची उलटी बाजू पण असते. शेजारचा कोणी म्हणाला की ह्या गोळ्यांनी मेंदू सुन्न होतो, की त्याच संध्याकाळी डोकं जड. तुम्ही दादांसमोर नेटवरचं मोठ्यानं वाचत असाल तर तेवढं थांबवा. त्यांनी विचारलं तर खोटं अजिबात सांगू नका, खरं सांगा की शंभरातल्या निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो अन् नाही पडला तर पुढचं औषध आहे. आणि "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय" हे जे आम्ही डॉक्टर सर्रास सांगत आलो ते फार सोपं करून सांगितलेलं आहे, २०२२ च्या एका आढाव्यात त्याला ठोस पुरावा सापडला नाही अन् त्याच्या खूप बातम्या झाल्या. पण गोळी नेमकी कशी काम करते अन् गोळी काम करते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याचं उत्तर अर्धवट आहे म्हणून दुसऱ्याचं बदलत नाही.

वडिलांचं तुळजापूर. त्यांना विरोध करू नका. तुळजाभवानीचं दर्शन घ्या, खरंच जा, सगळ्यांनी एका गाडीत बसून जा, कितीतरी दिवसांनी दादा घराबाहेर पडतील, चार माणसांत जेवतील. फक्त गोळ्यांची पिशवी सोबत पाहिजे अन् एकही डोस चुकायचा नाही. मी पेशंटच्या वडिलांना स्वतः सांगतो, "आप्पा, तुम्ही देवाचं बघा, मी गोळीचं बघतो, दोघांनी मिळून पोराला उभं करू." असं म्हटलं की बहुतेक वडील तयार होतात, कारण त्यांना देव हवा असतो म्हणण्यापेक्षा काहीतरी करायला हवं असतं. पण पुढं कोणी देवऋषी म्हणायला लागला की हे बाहेरचं आहे, भानामती आहे, गोळ्या बंद करा, उपास धरा, अमुक हजार ठेवा, किंवा मारहाण, साखळी, मिरचीची धुरी, तर तिथून लगेच उठायचं. २०१३ पासून आपल्या राज्यात ह्याच्याविरुद्ध कायदा आहे.

गोळीशिवायचा एक उपाय असा आहे की ज्याला विश्वासाची गरज सगळ्यात कमी लागते. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या टीमनं साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या पेशंटशी सहा ते आठ वेळा भेटून काम करायला लावलं. २०१७ साली निकाल आला, तीन महिन्यांत ६४ टक्के लोक आजाराच्या बाहेर आले, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. त्यात करायचं काय, तर मन लागायची वाट बघायची नाही, आधी छोटं काम ठरवायचं अन् करायचं, मन मागून येतं. दादांच्या बाबतीत वहिनींनी सकाळी बांधापर्यंत सोबत चालत जाऊन यावं, एवढंच. मोटार चालू करायला जा म्हणू नका, हिशोबाला बसवू नका. रोज एकच काम, ठरल्या वेळेला, जमलं तर "बघ जमलं की" असं पण म्हणायचं नाही, सहज घ्यायचं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे समुपदेशक असतात, ह्यासाठी त्यांना गाठा, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच करायची, उद्यावर टाकू नका. घरात, गोठ्यात, आखाड्यावर जे काही फवारणीचं औषध असेल ते दादांच्या हाताला लागणार नाही असं हलवा, दुसऱ्याच्या घरी ठेवा. श्रीलंकेत घातक कीटकनाशकांवर बंदी आली तसं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं, कारण ती वेळ बरेचदा थोड्याच वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. आणि गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे जास्त लक्ष द्यायचं असतं, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पोरांत, पण दादांच्या वयातही बेचैनी एकदम वाढली, येरझाऱ्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. "मरायचे विचार येतात का" असं त्यांना सरळ विचारा, विचारल्यानं विचार डोक्यात जात नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही अन् लगेच दवाखाना. रात्री-अपरात्री टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या व्हिजिटला दादांसोबत वहिनींनाही आत न्या, आणि एका कागदावर लिहून न्या: झोप किती वाजता मोडते, जेवण, गोळ्या किती चुकल्या, दारू, मरणाचे विचार, अन् आधी कधी तो उलटा प्रकार झालाय का. डॉक्टरांना विचारा, डोस वाढवायचा का अजून दोन आठवडे थांबायचं, अन् झोपेची गोळी कधी कमी करायची. डॉक्टर घाईत असतील तर तो कागद टेबलावर ठेवायचा, तेवढ्यानं पण तीन मिनिटांची व्हिजिट बदलते. आणि दादा तिथंही म्हणाले की माझा विश्वास नाही, तर म्हणू द्या.